तीन महिने फोडणी नाही

"घरी काय शिजवता?" सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या मंजूची पापणी वर केली, बॅटरीचा उजेड पाडला आणि मान वर न करता मला हेच पहिलं विचारलं.

मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. मी म्हणाले, "पथ्य एक दिस मोडलं न्हाई, डॉक्टर. पांडरा भात आन् पेज. तेल न्हाई, मीठ न्हाई, पालाभाजी न्हाई. तीन म्हैनं घरात फोडणी दिली न्हाई."

डॉक्टरांनी बॅटरी विझवली. "तीन महिने?" मी ताठ मानेनं हो म्हणाले. त्या ताठ मानेची मला आजही लाज वाटते.

आजाराचं नाव केरॅटोमलेशिया. बुबुळावर काचेसारखा पडदा असतो, तो आधी कोरडा पडतो, मग मऊ होऊन विरघळतो. व्हिटॅमिन ए नावाचं सत्त्व अन्नातून मिळालं नाही की असं होतं, आणि गोवरानंतर फार झपाट्यानं होतं. डावा डोळा गेलाच होता. उजव्याचं आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मंजू तेव्हा चार वर्षांची होती.

ज्या बायांच्या घरी आज गोवर आहे त्यांच्यासाठी हे लिहिते. माझ्यासाठी आता उशीर झाला.

आमचं गाव कराडजवळ. मालक इंग्रजांच्या फौजेत, लढाईवर, पार मिसर देशात. घरात मी, मंजू आणि माझी सासू, त्यांना मी आत्याबाई म्हणते. मंजूआधीचा माझा मुलगा गोवरातच गेला. गोवर अंगावर असताना त्यानं शेजारच्या बारशातलं भजं खाल्लं होतं. पथ्य मोडलं म्हणून पोर गेलं, असं सगळं गाव बोललं आणि मीही तेच उराशी धरून बसले. म्हणून मंजूच्या अंगावर पुरळ दिसताच मी कढई माळ्यावर टाकली.

हे पथ्य आमच्याकडे नऊ दिवसांचं. दहाव्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "आता उतरीव गं कढई. पोरीच्या तोंडाला चव न्हाई. घोळीची पातळ भाजी दे." पण मंजूचा खोकला राहिला होता, पोट ढाळत होतं. मी म्हातारीचं ऐकलं नाही. पोट बिघडलं की मी पथ्य आणखी आवळायची, आणि आवळलं की ती आणखी वाळायची. सुनेनं सासूचं ऐकायचं असतं म्हणतात, आणि मी नेमकं तिथंच शहाणपण केलं.

मंजू रोज मागायची. "आई, फोडणीचं दे की गं."

"बरी झालीस की दीन. मोहरी तडतडली म्हंजी समजायचं, मंजू बरी झाली."

परसात शेवगा होता. उकिरड्याच्या कडेला तांदुळजा आपोआप उगवायचा आणि खरकट्या पाण्यावर लाल भोपळ्याचा वेल पोसला होता. विकत काहीच आणायचं नव्हतं. भोपळे मी शेजारणीला दिले आणि शेवग्याचा पाला तिच्या म्हशीला.

एकदा दिवेलागणीला मंजू उंबऱ्याला अडखळून पडली. दुसऱ्या दिवशी तशीच पाण्याच्या घागरीवर आदळली. मी ओरडले, "डोळं फुटल्यात का गं तुजं?"

हे शब्द मी माझ्या तोंडानं बोलले आहे. अंधार पडताना दिसेनासं होणं ही या दुखण्याची पहिली खूण, हे मला दवाखान्यात कळलं. मग ती उन्हात डोळे उघडेना, बुबुळाची चकाकी गेली, तेव्हा कुठे आम्ही सांगली गाठली.

दवाखान्यात अकरा दिवस राहिलो. पहिल्या दिवशी डॉक्टर बाटली घेऊन आले. "हे माशाच्या काळजाचं तेल आहे. आजींच्या गळ्यात माळ दिसते, म्हणून आधीच सांगतो." मी आत्याबाईंकडे बघितलं. जन्मात त्यांनी अंडंसुद्धा शिवलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. "आना हिकडं. पाप लागलं तर मला लागंल." पहिला चमचा त्यांनीच पाजला. या सगळ्यात मी कुणाची ऋणी असेन तर त्या म्हातारीची.

निघायच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "हे सत्त्व तुमच्या परसातच होतं. शेवगा, तांदुळजा, लाल भोपळा. पण तेलाशिवाय ते अंगी लागत नाही. चमचाभर तरी तेल हवंच."

"पोट ढाळत असलं तरी?"

"तरीही."

मग जे विचारायची छाती होत नव्हती तेही विचारलं. "माजा थोरला भजं खाऊन गेला. म्हून मी..."

"भज्यानं गोवराचं मूल दगावत नाही, बाई," ते हळूच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

उजव्या डोळ्यात फूल पडलं, बुबुळावर पांढरा डाग राहिला. मंजूला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. बाप लढाईवर गेला तेव्हा ती पाळण्यात होती. तो परत आला तरी त्याचं तोंड तिला दिसणार नाही. लोक म्हणतात, जीव तरी वाचला. वाचला, खरं आहे. पण मला ते पुरत नाही.

बायांनो, शेवग्याचा कोवळा पाला ओरबाडून घ्या, धुवा, बारीक चिरा. मूठभर मुगाची डाळ भिजत घाला. करडईच्या तेलात मोहरी-जिरं टाका, पाला परता, डाळ घाला, झाकणावर पाणी ठेवून शिजवा. घरादाराला पुरते. आजारी लेकराला मऊ भातात कालवून द्या. लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

घरी आल्यावर पहिल्यांदा मी हीच भाजी केली. कढई माळ्यावरून आत्याबाईंनी काढून दिली. तेल तापलं, मोहरी तडतडली. ओसरीवर बसलेली मंजू भिंत चाचपत चुलीपाशी आली. तिचं तोंड आनंदानं फुललं होतं.

"आई, मी बरी झाले व्हय गं?"

मी हो म्हणाले. अजून रोज म्हणते.