सोबतच्या बाईचे हात

स्वामी सर पेशंटला ‘काय होतंय’ असं आधी विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न असे, ‘‘सोबत कोण आलंय?’’ कंबर धरून आलेली बाई तपासणीच्या टेबलाकडे निघाली, की सर तिला थांबवत आणि बाहेर बाकावर बसलेल्या सासूला, आईला किंवा जावेला आत बोलावत. मग त्या सोबतच्या बाईचा तळहात पेशंटच्या कंबरेच्या हाडावर ठेवायचा आणि त्या हातावर सरांनी आपला हात ठेवायचा. मधल्या हातातूनच ते हाडाचे उंचवटे शोधत, कुठली बाजू वर आहे ते पाहत आणि जागा दाबून ‘‘इथं?’’ असं विचारत. एका पुरुष फिजिओथेरपिस्टने लातुरात इतकी वर्षं बायकांचे खुबे आणि कंबरा तपासल्या आणि कोणी कधी नाक मुरडलं नाही, ते या पद्धतीमुळे.

मी नांदेडची. शिक्षण संपवून सरांच्या दवाखान्यात नोकरीला लागले, तेव्हा मला वाटलं, आता हे बंद होईल. बाईला तपासायला बाई आली, मग सासूचं काय काम? शिवाय मला ते शास्त्राला धरून वाटत नव्हतं. बोटांच्या टोकांना जे कळतं, ते मध्ये भाकऱ्या थापून राठ झालेला तळहात घातल्यावर कसं कळणार? मी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. सरांनी कपाळावरच्या भस्माला धक्का न लावता घाम टिपला आणि म्हणाले, ‘‘बरोबर हाय, डॉक्टरीणबाई. निम्मंच कळतंय. पण आपण हितं घटकाभर. घरी हात कोणाचा हाय?’’

वाद तिथेच संपला. पद्धत काही बदलली नाही.

सर मूळचे रेणापूरचे. घरचं कापडाचं दुकान होतं, ते भावांनी सांभाळलं. हे एकटेच लोकांच्या कंबरा दाबायला शिकले, म्हणून भाऊ त्यांची चेष्टा करत. दवाखाना कोचिंग क्लासच्या गर्दीच्या रस्त्याला लागून होता. त्यामुळे दिवसदिवस बसून माकडहाड दुखवून घेतलेली क्लासची पोरं यायची, गादीवर एक पाय मुडपून बसणारे अडत व्यापारी यायचे, सोयाबीन काढून खुबा धरलेल्या बायका यायच्या. प्रत्येकाला सर आधी दारापर्यंत चालायला लावत आणि मागून बघत राहत. कोणी लाजून मागे वळून पाहिलं, की म्हणत, ‘‘म्होरं बघा म्होरं. मी काय नवरदेव हाय का?’’

पुष्कळांना आवाज हवा असायचा. ‘‘सर, एकदा कट्ट वाजवा ना, म्हंजे बसंल.’’ सरांचं उत्तर ठरलेलं. ‘‘बोटं मोडता तवा काय हाड बसतंय का? आवाजच पायजे असंल तर फटाके आणा.’’ सांधा मोकळा करायला ते हात लावत, पण सावकाश, पेशंटच्या श्वासाबरोबर. मी घाई करताना दिसले, की पलीकडच्या टेबलावरून म्हणत, ‘‘कंबर काय पळून चालली का?’’

त्यांची पद्धत नेहमी चालायचीच असं नाही. औशाकडच्या एका बाईने सुनेच्या कंबरेवर हात ठेवला, ‘‘माझ्या हाताला तर काय बी लागंना,’’ म्हणाली आणि सुनेला घेऊन चालती झाली. सरांनी तिला थांबवलं, समजावलं, पण ती ऐकेना. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

महानंदाबाई आल्या त्या मात्र निकाल ऐकायलाच आल्यासारख्या. रेणापूरजवळच्या खेड्यातल्या. काखेत नातू, खांद्याला कपड्यांनी भरलेली पिशवी आणि मागून भिंतीचा आधार घेत येणारी सून अश्विनी. बाळंतपणापासून अश्विनीची कंबर धरली होती. कुशीवर वळता येत नव्हतं, उंबरा ओलांडताना पाय उचलत नव्हता, चुलीपुढे बसलं की उठता येत नव्हतं. पायाकडून जन्मलेल्या, पायाळू माणसाची लाथ कंबरेला लावून झाली होती, शेक झाला होता, मग मोठ्या दवाखान्यात फोटोही काढून झाला होता. फोटोत काही निघालं नाही. त्या ‘काही नाही’नेच पोरीचा घात केला होता.

‘‘फोटो नॉर्मल, रक्त नॉर्मल. मग ही कामून पडून राहिली?’’ महानंदाबाई म्हणाल्या. ‘‘घरातलं मी बघायचं, रानातलं मी बघायचं, लेकरू बी मीच सांभाळायचं. माझी कंबर काय लोखंडाची हाय का? आज तुम्ही बी काय न्हाई म्हणलात, तर हितूनच हिला उमरीला हिच्या माहेरी नेऊन घालते. तिथं करू द्या म्हणावं नाटकं.’’

हे सगळं सुनेच्या देखत. अश्विनी खाली बघत होती. बाईंचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. त्या खरोखर थकल्या होत्या, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मला त्या क्षणी त्यांचा फार राग आला.

सरांनी अश्विनीला चालवलं, एका पायावर उभं केलं. मग टेबलावर उताणं झोपवलं आणि गुडघा न वाकवता पाय वीतभर उचलायला सांगितलं. पाय उचलेना. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या, ओठ पांढरे पडले, टाच मात्र चादरीला चिकटलेली.

‘‘बघा,’’ महानंदाबाई म्हणाल्या, ‘‘मनावरच घेत न्हाई.’’

‘‘बाळ या मॅडमकडं द्या. हिकडं या तुम्ही.’’

बाळ माझ्याकडे आलं. सरांनी बाईंचे दोन्ही तळहात सुनेच्या कंबरेच्या दोन बाजूंना ठेवले. ‘‘जड परात दोन्हीकडून धरता ना, तसं धरा. आता आत दाबा. अजून. भिऊ नका, मोडत न्हाई. हां. पोरी, उचल पाय.’’

पाय वर आला. सहज आला. अश्विनी स्वतःच त्या पायाकडे बघत राहिली.

‘‘सोडा,’’ सर म्हणाले. बाईंनी हात काढले. ‘‘उचल.’’ पाय जागचा हलेना.

‘‘धरा.’’ पुन्हा आला.

ही तपासणी पुस्तकात आहे. बाळंतपणात कंबरेच्या सांध्यांना बांधून ठेवणारे पट्टे सैल पडतात, स्नायू त्यांचा भार घेत नाहीत आणि पाय उचलण्याचा जोर मध्येच विरून जातो. बाहेरून आधार दिला, की तोच पाय हलका होतो. फोटोत हे दिसत नाही. मला हे सगळं पाठ होतं. फक्त पुस्तकात दाबणारे हात तपासणाऱ्याचे असतात.

‘‘सोडा आता,’’ सर पुन्हा म्हणाले. बाईंनी हात काढले नाहीत. सुनेच्या तोंडाकडे बघून त्या म्हणाल्या, ‘‘अगं, मला वाटलं...’’

अश्विनी म्हणाली, ‘‘आत्या, असंच धरा जरा. लई बरं वाटतंय.’’

सरांनी ना उपदेश केला, ना माझ्याकडे बघून जिंकल्यासारखं हसले. कंबरेचा पट्टा कुठे बांधायचा ते दाखवलं, पोटाचे आणि मांड्यांचे व्यायाम दाखवले. ‘‘हाड कुठं बी सरकलं न्हाई. बरं व्हायला येळ लागंल, पण व्हतंय,’’ एवढंच म्हणाले. दोघी रेणापूरच्या गाडीने परत गेल्या आणि पुढेही तपासायला जोडीनेच येत राहिल्या. पावसाळा सरता सरता अश्विनी पट्ट्याशिवाय चालू लागली.

पुढे मी नांदेडला स्वतःचा दवाखाना काढला. सरांचे अंगठे दाबून दाबून झिजले, तेव्हा त्यांनी काम थांबवलं. गेल्या वर्षी ते गेले. समाधीसाठी रेणापूरला नेलं, तिथे लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना मांडी घालून बसवलं होतं. इतक्या दिवसांत मी त्यांना कधी बसलेलं पाहिलंच नव्हतं, दिवसभर टेबलाशी उभेच. मला रडू आवरेना.

बायकांच्या गर्दीतून महानंदाबाई पुढे आल्या. शेजारी अश्विनी, शाळेत जायला लागलेल्या पोराचा हात धरून. बाईंनी माझी पाठ थोपटली. सरांकडे बघत म्हणाल्या, ‘‘तवा या माणसानं मला एक शब्द बोल लावला न्हाई. लावला असता ना मॅडम, तर मी इरेला पेटून हिला उमरीला नेऊन घातलीच असती.’’

अश्विनीने मान हलवली.

‘‘हाव,’’ ती म्हणाली, ‘‘घातलीच असती.’’