निळ्या ड्रमातलं खाणं

माझा मुलगा मुंबईत नव्या सोसायटीत राहायला गेला. तिथे कुत्रं चालत नव्हतं, म्हणून त्याची कुत्री आमच्या उमरठकडच्या वाडीवर आली. ही बाई जन्मापासून पिशवीतल्या कोरड्या खाण्यावर वाढलेली. भाकरी पुढे ठेवली की हुंगायची आणि माझ्याकडे बघत बसायची. शेवटी मीच हार मानली.

हार मानली, पण डोळे मिटून नाही. महाडच्या बाजारात हे खाणं गोणीतून सुटंही मिळतं. गोणीला तारीख नाही, पावसाळ्यात तोंड सताड उघडं. हात घातला तर दाणे दमट लागले. तसं म्हटलं तर दुकानदार म्हणाला, कुत्रंच खाणार ना. हे वाक्य मी नंतर इतक्या जणांकडून ऐकलं, की आता कानावर पडलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते. मी बंद पिशवी घेतली, तारीख वाचून, शिवण तपासून. घरी तिचं तोंड घट्ट दुमडायचं आणि पिशवीसकट पत्र्याच्या डब्यात ठेवायची, असा माझा शिरस्ता.

तो दिरांना बघवला नाही. दीर बिरवाडीला खोली घेऊन राहतात, तिथल्या कारखान्यात कामाला आहेत. बायको-मुलींचं बिऱ्हाड मात्र वाडीवरच, माझ्या भिंतीला भिंत लावून. गणपतीला येताना त्यांनी माझ्यासाठी एक निळा ड्रम आणला, कारखान्यात रिकामा झालेला. आमच्याकडे यात कुणालाच वावगं वाटत नाही. पाणी, धान्य, गुरांची पेंड, सगळं असल्याच ड्रमात. धान्याच्या बांबूच्या कणग्या केव्हाच मोडीत निघाल्या. फुकट ते पौष्टिक!

मी आत मोदकांत गुंतलेली असताना त्यांनी न विचारता पिशवी फाडली, सगळं खाणं ड्रमात ओतलं आणि पिशवी पाणी तापवायच्या चुलीत घातली. तारीख गेली, सगळंच गेलं. वर म्हणाले, आता उंदीर नाही की मुंगी नाही. मी ड्रमात वाकले तर औषधासारखा गोडसर वास आला. साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवला होता म्हणे. भाद्रपदात त्यांना कुठलं ऊन सापडलं, ते तेच जाणोत.

यातलं तिला द्यायचं नाही, मी उद्या दुसरी पिशवी आणते, असं मी सगळ्यांना बजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी महाडची एसटी धरली आणि इकडे दिरांनी तिला पडवीत बांधून पुढे ताटली ठेवली. ती दोरी ताणून मागे सरत होती, हे त्यांनीच मला नंतर हसत हसत सांगितलं. माजलीय, भूक लागली की खाईल, म्हणाले. दुपारी तिने खाल्लं.

मी परतले तेव्हा ती ओकून ओकून आडवी झाली होती. हिरड्या पांढऱ्या, पाय थरथरत होते. तशीच तिला मांडीवर घेऊन रिक्षाने पुन्हा महाड गाठलं. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ड्रमात आधी काय होतं? मी तिथूनच दिरांना फोन लावला.

"काय तरी पावडर आसल. लेबल मीच काढून टाकला," ते म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, प्लॅस्टिक आतलं सगळं पितं, साबणाने ते निघत नाही. जगेल की नाही, ते सांगायला तयार नव्हते. सलाईन लावून तिला तिथेच ठेवून घेतलं. विसर्जन झालं तरी ती मान उचलत नव्हती. मला रडू आलं नाही, नुसता संताप येत होता. एका मुक्या जिवाला बांधून विष चारलं आणि घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

शेवटी ती उठली. तिला घरी आणलं आणि त्याच पावली मी तो ड्रम लाथेने अंगणात लोटला. मागून कोयता घेऊन आले, परत कुणी वापरू नये म्हणून. दीर धावत आले.

"वहिनी, कुत्र्यापायी घरात तमाशा करता? आमी शावनापासून असल्याच ड्रमातला तांदूळ खातोय. आमाला काय झालं?"

माझा हात थांबला. त्यांच्या स्वयंपाकघरातही त्याच कारखान्यातला ड्रम आहे, हे मला माहीत नव्हतं. मी काही बोलायच्या आत जाऊ दारात आली. रात्रीच्या भाताचे तांदूळ तिच्या हातातल्या सुपात तसेच होते.

"ताई, माझी धाकटी रोज बोलते, भाताला वास येतो," ती म्हणाली. "मी तिला मारून खायाला लावते."