सोडचिठ्ठीवरची सही

शाळा तिसरीतच सुटली, तरी मला सही करता यायची. सासरच्या बायांत ती एकट्या मलाच येत होती आणि त्याचा मला मोठा तोरा होता. लिहिताना लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

नवऱ्याला दुसरी बायको करायची होती. पहिली असताना दुसरी करता येत नाही असा कायदा नुकताच आला होता, म्हणून त्याला सोडचिठ्ठी हवी होती. मलाही त्या घरात राहायचं नव्हतं. आमच्यात हे पंचांसमोर व्हायचं. माझं माहेर बालाघाटाकडं, जायलाच अख्खा दिवस मोडायचा. भावाला पत्र टाकलं, तो आला नाही. सासरच्या गावी, आंजीच्या पारावर एकीकडे सासरची दहा माणसं, दुसरीकडे मी, आणि माझ्या मांडीवर साडेचार वर्षांची लेक.

रिवाज असा, की आंगठा देणाऱ्याला आधी सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा, समजलं का म्हणून तीनदा विचारायचं, मगच आंगठ्याला शाई लावायची. नवऱ्यानं सही केली. माझी पाळी आली तसा लिहिणाऱ्या मास्तरांनी वाचायला कागद उचलला. तेवढ्यात सासू म्हणाली, "तिले काय वाचून दाखवता मास्तर? शिकेल बाई हाये ते. आपल्यापेक्षा जास्त समजते तिले."

शाळा शिकून पोळी गोल नाई येत, असं सहा वर्षं ऐकवणारी ही बाई. चारचौघांत तिनं मला शिकलेली म्हटलं आणि मी फुलले. अक्षर गिचमिड होतं, जोडाक्षरं मला अडायची. पण आता वाचून दाखवा म्हणायचं कसं? कागदावरून नुसती नजर फिरवली आणि सही केली.

सासूनं लगेच माझ्या मांडीवरून पोरीला उचललं.

"कुठं नेता तिले?"

"वाच ना मंग. लिवलं हाये त्यात."

लिहिलं होतं, मुलीवर आईचा कोणताही हक्क राहणार नाही. आंगठेबहाद्दर असते, तर हे वाक्य मला तीनदा ऐकवलं गेलं असतं.

पुलगावच्या गिरणीत सुताच्या रिळांवर काम मिळालं. शेजारच्या रिळावरच्या देवळीच्या बाईनं मला तिच्या खोलीत घेतलं. एक दिवस चिडून म्हणाली, "काऊन रडून राह्यली रोज? रडून पोर येते का घरी? वर्धेले वकील हायेत, चाल." आपली दिवसाची मजुरी बुडवून तीच मला घेऊन गेली. तिचे उपकार मी कशानं फेडणार?

वकीलसाहेबांनी कागद दोनदा वाचला. "बाई, यानं तुमचा नवरा सुटला. पोरगी नाही सुटली. लेकरू म्हणजे काय शेत आहे, लिहून द्यायला?" पाच वर्षांच्या आतलं लेकरू साधारणपणे आईजवळ असावं, असं नवा कायदा म्हणतो, हे त्यांनीच सांगितलं. मी पोरीला आणायला उठलेच. "बसा. साधारणपणे, म्हटलं मी. न्यायाधीश पोरीचं भलं पाहतील, तुमचं दुःख नाही. तिला उचलून आणू नका. तिच्यासमोर बापाला शिव्या देऊ नका. दार लावून घेतलं तरी भेटायला जात राहा. आणि तुम्ही गिरणीत असताना तिच्याजवळ कोण असेल?"

देवळीची बाई म्हणाली, "माही माय हाये ना."

दर सुटीला आंजीला जायची. दार लागायचं. आतून पोरीचा आवाज यायचा, कधी खेळण्याचा, कधी हसण्याचा. ती हसली की मला रडण्यापेक्षा जास्त भीती वाटायची. कोर्टात तारखांमागून तारखा पडल्या आणि लेकीला पाच वर्षं पूर्ण झाली. मला वाटलं, संपलं. वकीलसाहेब म्हणाले, पाचाला काही दार बंद होत नाही. पण त्यांचा आवाज पहिल्यासारखा नव्हता.

न्यायाधीशांनी पोरीला जवळ बोलावलं. "झोपतेस कोणाजवळ?"

"आजीजवळ."

"आणि ह्या कोण?"

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. "आई," म्हणाली, आणि आजीच्या लुगड्यामागं गेली.

कागदावरचं ते वाक्य रद्द झालं. पोरगी मात्र आजीजवळच राहावी, आईनं दर बाजाराच्या दिवशी भेटावं, असा हुकूम झाला. पुढं पुन्हा अर्ज करता येईल, असं वकीलसाहेबांनी समजावलं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर ते मागं सरकले. "पोरीला आणता आलं असतं, तर पाया पडू दिलं असतं," म्हणाले.

पहिल्या बाजाराला सासू तिला घेऊन आली आणि चार पावलांवर आमच्याकडं पाठ करून बसली. आठवडाभर मनात घोळवलेलं एक वाक्यही मला आठवेना. पोर फुटाणे खात होती.

"तू कुठं राह्यतं?" तिनं विचारलं.

"पुलगावले."

"मंग जा ना आता. तुही गाडी चालली जाईन."

"हाये अजून वेळ."

"किती वेळ?" ती म्हणाली, आणि आजीच्या पाठीकडं पाहत राहिली.