डावऱ्याचा खांदा

डावरा जेवायचा, सही करायचा, इथं आखातात शुऐबाच्या कारखान्यात पाइप घासायचा, सगळं उजव्या हातानं. हात मूळचा डावा, पण तो त्यानं शुक्रवारच्या बॉलिंगसाठी राखून ठेवलेला. म्हणायचा, "चाचा, उजवा कंपनीचा. हा माझा हाय."

मी चौथी शिकलेला. पण खैतानच्या रेताड मैदानावर टेप लावलेला बॉल त्याच्या हातून सुटला की विकेटचा पत्र्याचा डबा वाजणार, हे मी आधीच सांगायचो. टीमचा कप्तान मीच. उगाच नाही.

दापोलीकडचा पोरगा. दोन वर्षांच्या करारावर आला. मागं मुलगी झाली, ती फोनवर विचारायची, "पप्पा, तुमी यातनं भायेर कधी येनार?" करार संपला, पण पासपोर्ट मुदीरच्या, म्हणजे आमच्या मॅनेजरच्या, कपाटात. मुदीरला कंपन्यांच्या क्रिकेट कपाचं भारी वेड. मीच डोकं चालवलं. म्हटलं, "कप जिंकून दे. खूश झाला की पासपोर्ट मागू."

जिंकला. मुदीरनं बिर्याणी खिलवली, डावऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अगले साल भी." कप कपाटात गेला. पुढच्या वर्षी दुसरा गेला.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. तिसऱ्या फायनलला म्हटलं, "आता हरायचं. वाइड टाक." त्यानं मान डोलावली. शेवटच्या ओव्हरला दोन वाइड टाकलेही. तेवढ्यात समोरचा फलंदाज ओरडला, "चाचा, तुम्हारा शेर बुड्ढा हो गया!"

पुढच्या तीन बॉलांत तीनदा डबा वाजला.

बसमध्ये मी म्हटलं, "गाढवा, पोरीला काय सांगशील?"

"काय करू चाचा? हात ऐकत नाय."

मी शिव्या घातल्या. पण डबा वाजला तेव्हा टाळी पहिली माझीच होती.

मग एका शुक्रवारी बॉल टाकतानाच त्याचा खांदा निखळला. मुदीर दोनदा बघून गेला. हात वर जाईना हे कळल्यावर महिन्याच्या आत पासपोर्ट आला, तिकिटासकट. न मागता.

निघताना गळ्यात बांधलेला डावा हात दाखवून हसला. "पोर उचलायला उजवा बास हाय. तुमीपन चला आता, चाचा."

"माझा खांदा अजून शाबूत आहे," मी म्हटलं. तो हसला नाही.

तिन्ही कप अजून मुदीरच्या कपाटात वरच्या खणात आहेत. खालच्या खणात माझा पासपोर्ट.