खंडेनवमीचं अपडेट

जाहीर करण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या परभणीच्या कापसाच्या जिनिंगमधल्या सर्व्हरचं वेग वाढवणारं कार्ड ऐन खंडेनवमीला, भर पूजेत निवर्तलं. त्याच्या मागे एक मंद सर्व्हर, एक हवालदिल मॅनेजर आणि कॉम्प्युटर विभागाचा एकमेव शिलेदार, म्हणजे अस्मादिक, असा परिवार आहे.

कार्डाचा जन्म मॅनेजरच्या अपमानातून झाला. आमच्याकडे दसऱ्याला कापूस खरेदीचा मुहूर्त असतो. पहिल्या गाडीला हार घालायचा, ती काट्यावर चढवायची आणि वजनाची पट्टी शेठजींनी शेतकऱ्याच्या हाती द्यायची. मागच्या दसऱ्याला गाडी काट्यावर चढली आणि सर्व्हर विचारात पडला. पट्टी निघेपर्यंत मुहूर्त टळला. शेठजींनी चारचौघांत सुनावलं, "पुढच्या साली काटा अडला, तर तुमी पालमच्या गोदामावर जायचं." मॅनेजरचं घर परभणीत, बायकोची शाळा परभणीत. पालम त्यांना काळं पाणी वाटे.

मग मॅनेजरने शेठजींना खर्चाला राजी केलं आणि पुण्याच्या एका विक्रेत्याने कार्ड आणलं. नेहमी लागणारी माहिती ते आपल्या चिपमध्ये हाताशी ठेवणार, जुन्या डिस्कला दरवेळी हेलपाटा नको, सर्व्हर वाऱ्यासारखा पळणार, असं त्याने चिवडा खात सांगितलं. बसवल्यावर ते झोपलंच. कार्डाच्या कंपनीचा फोनवरचा इंजिनियर म्हणाला, कार्डाच्या पोटातला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, जुना आहे, अपडेट करा. केलं. मग म्हणाला, आता सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर जुनं पडलं. तेही केलं, तर फर्मवेअर पुन्हा जुनं ठरलं. कोऱ्या करकरीत वस्तूला रोज औषधपाणी लागतं आणि त्यालाच प्रगती म्हणतात, एवढं मला कळलं.

शेवटचं अपडेट खंडेनवमीला ठरलं, कारण त्या दिवशी जिनिंग बंद. अपडेट चालू असताना वीज तोडली तर कार्ड कायमचं जाईल, असं इंजिनियरने बजावलं. मी ते मॅनेजरला सांगितलं. त्यांनी मान हलवली. मान हलवण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. मी अपडेट सुरू केलं. पडद्यावरची अपडेटची पट्टी अर्ध्यात थबकली. ती थबकतेच, पण खात्री करावी म्हणून इंजिनियरला फोन लावायला मी बाहेर गेलो. त्या खोलीत रेंज नसते.

तेवढ्यात पूजेचं ताट निघालं. चालत्या यंत्राला आमच्याकडे हळदीकुंकू लावत नाहीत. त्या दिवशी यंत्राने विसावाच घ्यायचा. गाठी बांधायचा प्रेस, काटा, सगळं बंद करून फुलं वाहून झाली होती. मॅनेजर सर्व्हरच्या खोलीत शिरले, भक्तिभावाने हात जोडले आणि यूपीएसचं बटण दाबलं. मी परतलो तेव्हा सर्व्हरच्या कपाळी कुंकू होतं आणि पंखा गप्प होता.

"साहेब, बंद करू नका म्हणलो होतो ना?"

"अहो, ते आधीच थांबलं होतं," ते म्हणाले. "त्यालाबी सण कळायलाय. मी निस्ती मदत केली."

कार्ड काही उठलं नाही. इंजिनियरने फोनवर थोडा दुखवटा पाळला आणि ते काढून जुन्या डिस्कवरच सर्व्हर चालवायला सांगितलं. माहिती तिथे शाबूत होती. मी झाकण उघडलं, तर आतल्या पंख्यात कापसाची मूठभर रुई. जिनिंगची हवा ती. पंखा गुदमरला होता आणि तापलेला सर्व्हर रांगत होता. कार्ड बसवणाऱ्याला ती दिसली असणारच, पण रुई उपसण्याचं बिल फाडता येत नाही. मी ती उपसली. मॅनेजरने कार्ड रुमालात गुंडाळून खणात ठेवलं आणि पालमच्या एसटीची चौकशी केली.

दसऱ्याला गाडी काट्यावर चढली. मॅनेजरने डोळे मिटले. पट्टी खटकन बाहेर आली. भटजींचा मंत्रसुद्धा संपला नव्हता.

शेठजी हरखले. सगळ्यांसमोर त्यांनी मॅनेजरच्या खांद्यावर हात ठेवला, तुम्ही इथेच राहायचं म्हणाले आणि कार्डाची अशी तारीफ केली की पुण्याचा विक्रेताही लाजला असता. आपल्या पाथरीच्या जिनिंगलाही असंच कार्ड आजच मागवा, असा हुकूमही सोडला. मॅनेजरला आता फक्त गप्प राहायचं होतं. मी त्यांची बाही ओढली. पण आनंदाने त्यांच्या तोंडाचा ताबा सुटला होता.

"शेठजी, कायचं कार्ड? ते तर काल पूजेतच मेलं, माझ्या खणात पडलंय."