भिंतीवरचे पाय

दुकानात कुणी आलं की पेंटरमामा आधी त्याच्या पायांकडे बघायचे. चेहरा नंतर. "टाच झ्याक हाय," म्हणायचे, आणि समोरचा माणूस उगीचच चप्पल सावरायचा.

पलूसला माझं रंगाचं दुकान होतं. सत्तरच्या सुमाराला मामा रोज तिथे टेकायचे. ट्रकवर देवीचं नाव, हॉटेलावर पाटी, सांगाल ते रंगवायचे. पण ते ख्रिस्ती होते, आणि जीव अडकला होता नदीकाठच्या छोट्या चर्चमध्ये. वेदीमागच्या भिंतीवर त्यांनी तरुणपणी चित्र काढलं होतं: येशू वाकून शिष्यांचे पाय धुतोय. भिंत जुनी, दगड-चुन्याची. दर पावसाळ्यात खालून ओल यायची, रंगाचे पोपडे सुटायचे आणि नेमके पायच जायचे. दिवाळी झाली की मामा पुन्हा पाय काढायला बसायचे.

"चित्र जरा वर घ्यायचं होतंत," मी एकदा शहाणपणा शिकवला.

"आवं शेठ, पाय वर कसं घ्यायचं? पाय भुईवरच असत्यात."

दर वर्षी त्यांना नवे पाय लागायचे. ऊसतोडीवाले, हमाल, एकदा मलाच धरलं. मी म्हटलं, "मी तुमच्यातला नाही." म्हणाले, "त्येनं इचारून धुतलं न्हाईत." नाताळात मी हौसेनं बघायला गेलो, तर माझे पाय यहूदाला लावलेले! येशूला धरून देणारा शिष्य तो. मी तापलो. मामा शांतपणे म्हणाले, "त्येचं बी धुतलंच की."

बहात्तरच्या दुष्काळात ओलच नव्हती, पाय जसेच्या तसे राहिले. मी कौतुक करायला गेलो तर चिडले. "उडू द्यात पाय. पाऊस पडू दे."

पुढे छातीचं दुखणं निघालं. एका उन्हाळ्यात ते मिरजेच्या दवाखान्यात पडले आणि पावसाळाभर तिथेच लेकीकडे राहिले. इकडे चर्चच्या पंचांना दया आली. म्हाताऱ्याला दर वर्षीचा ताप नको, म्हणून त्यांनी भिंतीच्या खालच्या भागाला घट्ट सिमेंटचा गिलावा करून घेतला. ओलीची खालची वाट बुजली. ओल वर चढली आणि येशूचा चेहरा घेऊन गेली.

मामा परतले ते थेट भिंतीसमोर उभे राहिले. पंच खाली मान घालून. "माया केली तुमी," मामा एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर मात्र माझा हात धरून रडले. "पाय मला कवाबी जमत्यात, शेठ. त्यो चेहरा एकदाच जमला हुता."

डॉक्टरांनी काम बंद सांगितलं होतं. तरी मामांनी सिमेंट उकरायला लावलं, नवा चुना देऊन घेतला. चर्चचे पाळक विनवत होते, "मामा, आधी चेहरा करा. पायांचं मागनं बघू." मामांनी पायच आधी घेतले. दम लागला की बसायचे, ओठातल्या ओठात प्रार्थना करायचे, पुन्हा ब्रश उचलायचे. चेहऱ्याला ते भीत होते की काय, मला आजही सांगता येत नाही. शेवटच्या शिष्याचे पाय झाले आणि त्याच आठवड्यात मामा गेले. माझं दुकान मला नकोसं झालं.

चेहऱ्याच्या जागी पांढरा चुना राहिला. पाळकांनी कोल्हापूरहून चित्रकार आणायचं काढलं, तेव्हा प्रार्थनेला सतरंजीवर बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली.

"कशाला? वाकलाय त्यो दिसतंय. कुणाचं पाय धुतोय त्ये बी दिसतंय. आनी काय वळखायचं ऱ्हायलंय?"

चित्रकार आला नाही. पुढच्या पावसात पायही गेले, मग वर्षागणिक शिष्यही. आता भिंतीवर फक्त एक वाकलेली पाठ आहे, आणि लोक तिच्यासमोर गुडघे टेकतात.