दोनदा वाजून बंद

दिवस मावळताना कुणाचा फोन दोनदा वाजून बंद झाला, की ती म्हातारी आजही आठवते आणि हातातला चहा तसाच राहतो.

मी तेव्हा शिरूर कासार भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ऊसतोडीचा हंगाम, निम्मी गावं रिकामी. बाजारच्या दिवशी ती बटणांचा फोन पदरात गुंडाळून आली. तिचा एकुलता एक लेक टोळीबरोबर कारखान्यावर गेला होता. तोडकऱ्यांच्या घरी एक रीत असते. संध्याकाळी मिस कॉल द्यायचा, घरच्यांनी उचलायचा नाही. वाजला म्हणजे माणूस खुशाल.

"मग आता वाजत नाही का?" मी विचारलं.

"वाजतोय की, रोज वाजतोय. पर माझा लेक दोनदा वाजवून बंद करतो. ह्यो चारदा वाजतोय. शेजारीण उलटा लावून देती, तर उचलीत न्हाई."

हवालदार हसू दाबत होता. फोन येतोय आणि माणूस हरवलाय, अशी तक्रार त्याने जन्मात लिहून घेतली नव्हती. मला हसू आलं नाही. रोज एकाच आवाजाची वाट बघणाऱ्याचे कान सहसा चुकत नाहीत. मी बेपत्ता नोंद घेतली.

टोळीचा मुकादम मधेच गावी आला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "पोरगा मजेत हाय साहेब. लई काम हाय तिकडं कारखान्यावर."

फोन कुठून लागतो ते कळायला हवं होतं. पण मोबाईल कंपनीकडे टॉवरची माहिती ठाण्याला थेट मागता येत नाही, मागणी अधीक्षक कार्यालयातूनच जाते. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, "फोन चालू आहे, मग माणूस बेपत्ता कसा?"

मी तडकलोच. "साहेब, फोन चालू आहे. माणसाचं कोण बघणार?"

मागणी गेली. उत्तर येईपर्यंत म्हातारी ठाण्याच्या बाकावर येऊन बसायची. शेवटी कळलं, की फोन कारखान्यावर नव्हताच. तो मुकादमाच्या गावात होता.

मुकादमाला चौकशीला आणलं. त्याने नाना गोष्टी सांगितल्या, मी सगळ्या ऐकून घेतल्या. घाई केली की माणूस सावध होतो. दिवस मावळला. समोर म्हातारी फोन मांडीवर घेऊन बसलेली. त्या दिवशी तो वाजला नाही. तिने मान वर करून मुकादमाकडे बघितलं.

"आज कावून वाजवला न्हाईस रं?"

तो तिथेच खाली बसला आणि रडायला लागला. उसाची ट्रॉली उलटून पोरगा खाली सापडला होता. केस झाली तर हंगाम बुडेल, म्हणून मुकादमाने त्याला ओढ्याकाठी पुरलं आणि टोळीला दमात घेतलं. घरी कुणाला संशय नको, म्हणून रोज मिस कॉल.

लोक मला विचारतात, टॉवरची माहिती मागायचा अधिकार ठाण्यालाच का देऊ नये? मी म्हणतो, देऊ नका. उद्या प्रत्येक संशयी नवरा ओळखीच्या हवालदाराला गाठून बायकोचा माग काढील. अधिकार जिल्ह्यालाच राहू द्या. फक्त तिथल्या खुर्चीतल्या माणसाने ठाण्यातला तो बाक एकदा तरी बघितलेला असावा.

कोर्टाच्या हुकमाने लेकाचा फोन म्हातारीला परत मिळाला. तो घेऊन ती माझ्याकडे आली. "साहेब, तुमी एकदा लावा. दोनदाच वाजू द्या."

मी लेकाच्या फोनवर रिचार्ज मारला आणि त्यावरून तिला लावला. तिच्या मांडीवरचा फोन दोनदा वाजला. मी बंद केला. तिने डोळे मिटून घेतले होते.

"आसाच," ती म्हणाली. "आसाच वाजवायचा त्यो."